एका वाक्याची भूमिका



गॅदरिंगच्या नाटकात ज्यांच्या वाट्याला एकच वाक्य यायचं, त्यांच्या वतीने आज सुलभा देशपांडे यांच्याविषयी बोलतो. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली त्यांची लीला बेणारेही शिक्षिकाच, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली. १९७१ साली अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ उभारली. पुढे छबिलदासच्याच सभागृहात प्रायोगिक नाटकांना घर मिळालं. मुलांसाठी ‘चंद्रशाला’ही चालवली. पडद्यावर मात्र बहुतेकदा छोट्या भूमिका. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू आठवा! भूमिका लहान म्हणून त्यांनी ती उरकली नाही.

बाई, तुम्ही मला एकच वाक्य दिलंत म्हणून मी रुसलो होतो. तो रुसवा आज मागे घेतो.