कॅमेऱ्याचे मोल

घरात लग्नकार्य निघाले, कन्या कलाशाळेत दाखल झाली, अथवा चिरंजिवांनी छायाचित्रणावर पोट भरण्याचा निश्चय बोलून दाखविला, की कॅमेऱ्याच्या खरेदीची गोष्ट निघते. मंडळी मुंबईत असली तर कोटातल्या बोरा बाजारात जातात, नसली तर आपल्या शहरातील माहितीच्या दुकानात. दुकानदार कॅननचा, निकॉनचा आणि सोनीचा असे तीन कॅमेरे पुढ्यात मांडतो. प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी लावलेली असते. वडील चष्मा सावरून तिन्ही आकडे वाचतात आणि विचारतात, "कॅननवाले इतरांच्या मानाने जास्त तर घेत नाहीत ना?" दुकानदार चिठ्ठीकडे बोट दाखवितो. ज्या चिठ्ठीवरचा आकडा लहान तो माल स्वस्त, असा निवाडा होऊन प्रकरण संपते.

हा निवाडा सोपा खरा, परंतु तो अपुरा आहे. कॅमेरा ही पंख्यासारखी किंवा घड्याळासारखी एकदा विकत घेऊन विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ती संसार थाटण्यासारखी गोष्ट आहे. घराचे भाडे परवडले म्हणजे संसार परवडला असे जसे होत नाही, तसेच कॅमेऱ्याचेही आहे. कॅनन कंपनीचा इतिहास याची चांगली साक्ष देतो, कारण ह्या कंपनीचा जन्मच मुळी किमतीच्या तक्रारीतून झाला.

गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात छायाचित्रणाच्या जगात जर्मनीचे राज्य होते. वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्याचा लायका आणि ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉन कंपनीचा काँटॅक्स हे दोन लहान कॅमेरे सर्वांत उत्तम गणले जात. जपानात त्या काळी भिंगासह एका लायकाला ४२० येन पडत. चांगल्या बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा पगार तेव्हा महिना ७० येन होता. म्हणजे त्याने सहा महिने अन्नपाणी सोडले असते, तरच त्याच्या हाती लायका आला असता. गोरो योशिदा ह्या जपानी गृहस्थाने एक लायका उघडून त्याचे सर्व भाग सुटे केले. आत हिरेमाणके काही निघाली नाहीत; पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर एवढेच निघाले. इतक्या साध्या जिनसा एकत्र आल्या की त्यांचे मोल एवढे कसे वाढते, ह्याचा त्याला रागच आला.

ह्या रागातून १९३३ साली तोकियोत एक छोटी प्रयोगशाळा निघाली. १९३४ साली तिने ज्या कॅमेऱ्याची जाहिरात केली त्याचे नाव होते 'क्वानोन'. हे करुणेच्या बोधिसत्त्वाचे जपानी नाव आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला जो पद्मपाणी मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे, तोच अवलोकितेश्वर चीनच्या वाटेने जपानात पोहोचून तिकडे ह्या नावाने पूजिला गेला. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुद्धाच्या महाकाश्यप नामक शिष्यावरून 'कास्यपा' असे नाव योजले होते. पुढे 'क्वानोन'चे 'कॅनन' झाले, आणि १९३६ साली 'हान्सा कॅनन' हा कॅमेरा बाजारात आला. त्याची किंमत होती २७५ येन. सहा महिन्यांचा पगार चार महिन्यांवर आला. स्पर्धा म्हणतात ती ही!

परंतु ह्याच पहिल्या कॅमेऱ्यात एक मौजेची गोष्ट दडलेली आहे. त्याचे भिंग कॅननचे नव्हते. ते निप्पॉन कोगाकू ह्या कंपनीने पुरविले होते, आणि हीच कंपनी पुढे निकॉन म्हणून कॅननची कट्टर प्रतिस्पर्धी झाली. पेटी एका घरची आणि डोळा दुसऱ्या घरचा, असा तो मामला होता. पेटी स्वस्तात करता येते. भिंग कोणाकडून आणि काय भावाने मिळते हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून आजतागायत कॅमेऱ्याच्या किमतीच्या मुळाशी राहिलेला आहे.

महायुद्धानंतर कंपनीला आणखी एक धडा मिळाला. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि कच्चा, अशी समजूत पाश्चात्त्य ग्राहकांत पसरलेली होती. कमी किंमत हा गुण न ठरता संशयाचे कारण होऊन बसली. तेव्हा १९५४ साली जपानात कॅमेऱ्यांची तपासणी करणारी संस्था स्थापन झाली. तपासणीत उतरलेल्या निर्यातीच्या कॅमेऱ्यावर सोनेरी रंगाची लहानशी लंबगोल चिठ्ठी चिकटविली जाई. जुन्या जपानी कॅमेऱ्यांवर ती अजूनही क्वचित आढळते. किंमत आणि विश्वास ह्या दोन पारड्यांचा तोल साधल्यावाचून स्पर्धा होत नाही, हे ती चिठ्ठी सांगते.

१९६१ च्या जानेवारीत कॅननने 'कॅनोनेट' विक्रीस काढला. तोवर ही कंपनी उंची कॅमेरे बनविणारी म्हणूनच ओळखली जात होती. कॅनोनेटला चांगले तेजस्वी भिंग होते, प्रकाश मोजून छिद्र लहानमोठे करण्याची व्यवस्था होती, आणि किंमत होती १८,८०० येन. आठवडाभर पुरेल म्हणून ठेवलेला साठा दोन तासांत संपला. इतर कारखानदारांनी ओरड केली. परंतु शेवटी त्यांनाही आपल्या किमती आणि आपला माल दोन्ही सुधारावी लागली. १९७६ साली 'एई-१' ह्या कॅमेऱ्यात कंपनीने विजेच्या सूक्ष्म गणकयंत्राकडे बरीच कामे सोपविली. त्यामुळे सुमारे तीनशे सुटे भाग कमी झाले आणि जोडणीचे काम यंत्रांकडे देता आले. ह्या दोन्ही वेळी कंपनीने भाव पाडला तो माल हलका करून नव्हे, तर कारखान्यात अक्कल चालवून, हे तिच्या पदरी घातलेच पाहिजे.

यानंतर आले १९८७ हे साल. भिंग पेटीला जेथे अडकते त्या कडीला ह्या व्यवसायात माउंट म्हणतात. स्वयंचलित फोकसचे युग सुरू झाले तेव्हा कॅननने जुनी कडी टाकून दिली आणि 'ईओएस' मालिकेसाठी नवी, रुंद कडी पत्करली. फोकस फिरविणारी मोटार प्रत्येक भिंगातच बसविली. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय दूरदर्शीपणाचा होता. कंपनीची पुढील भरभराट त्यावर उभी राहिली. परंतु ज्यांनी पै पै साठवून जुनी भिंगे जमविली होती, त्यांची ती भिंगे नव्या पेटीला बसेनात. उलट निकॉनने १९५९ सालची आपली कडी टिकवून धरली. त्या सालात नव्या कॅननची चिठ्ठी निकॉनच्या चिठ्ठीशी ताडून पाहणाऱ्या जुन्या कॅननधारकाला खरा खर्च चिठ्ठीवर दिसलाच नसता. तो खर्च त्याच्या घरच्या कपाटात होता.

फिल्मचे दिवस सरून अंकीय छायाचित्रण आले, तेव्हाही कॅननने किमतीचे शस्त्र पुन्हा उपसले. २००३ च्या ऑगस्टात कंपनीने अमेरिकेत 'डिजिटल रिबेल', म्हणजे '३००-डी', हा कॅमेरा ८९९ डॉलरला जाहीर केला. भिंग बदलता येणारा ह्या जातीचा अंकीय कॅमेरा हजार डॉलरच्या आत आणण्याचे काम त्याने केले. निकॉनने २००४ च्या जानेवारीत 'डी-७०' पुढे केला, त्याची किंमत ९९९ डॉलर होती. शंभर डॉलरचा फरक! परंतु कॅननने २००३ सालीच १,४९९ डॉलरला काढलेल्या 'दहा-डी'तील काही सोयी ह्या स्वस्त भावंडातून वगळल्या होत्या. छायाचित्र टिपणारा संवेदक दोहोंत सारखाच होता. पुढे काही हिकमती लोकांनी कॅमेऱ्यातील आज्ञावली बदलून त्या सोयींपैकी काही परत मिळविल्या, तेव्हा त्या यंत्रात मुळातच होत्या हे उघड झाले. स्वस्त कॅमेऱ्यात काय नाही, हे पाहण्याइतकेच ते का नाही हेही पाहावे, असा ह्याचा अर्थ.

आता अलीकडचा हिशेब पाहावा. देशोदेशीचे कर आणि जकाती वेगळ्या असल्याने एकच माप धरणे बरे. म्हणून हे आकडे कंपन्यांनी अमेरिकेत प्रथम जाहीर केलेल्या किमतींचे, आणि ठोकळ मानाने, दिले आहेत. २०१८ साली आरसा नसलेले, मोठ्या संवेदकाचे तीन कॅमेरे समोरासमोर आले. सोनीचा 'ए-सात-तीन' आणि निकॉनचा 'झेड-सहा' यांच्या नुसत्या पेट्या सुमारे २,००० डॉलरच्या होत्या. कॅननचा 'ईओएस आर' २,३०० डॉलरचा होता. तीनशे डॉलर जास्त! पुढच्याच वर्षी कॅननने 'आरपी' ही पेटी १,३०० डॉलरला काढली, आणि तीच कंपनी एकदम सर्वांत स्वस्त ठरली. चिठ्ठीवरून निवाडा करणारा ग्राहक येथे खूश होऊन घरी जाईल.

परंतु समजा, पुण्याच्या एखाद्या तरुणाला लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरावयाचे आहे. मंगल कार्यालयातील मंद उजेडात त्याला तेजस्वी भिंग लागणार. २४ ते ७० मिलिमीटरचे, २.८ छिद्राचे भिंग हे ह्या धंद्याचे रोजचे हत्यार. कॅननचे हे नव्या कडीचे भिंग २०१९ साली २,३०० डॉलरला आले; निकॉनचेही त्याच भावाचे. सोनीचे स्वतःचे भिंग २,२०० डॉलरचे होते, म्हणजे तेथेही फारसा फरक नव्हता. परंतु सोनीने आपल्या कडीची मूलभूत माहिती २०११ सालीच इतर भिंगकर्त्यांना खुली केली होती. त्यामुळे त्याच २०१९ साली सिग्मा कंपनीने सोनीच्या कडीला बसणारे त्याच मापाचे भिंग १,१०० डॉलरला आणले.

बेरीज करून पाहता सोनीची पेटी आणि सिग्माचे भिंग मिळून ३,१०० डॉलर होतात. कॅननची स्वस्त पेटी आणि कॅननचे भिंग मिळून ३,६०० होतात. जी पेटी सातशे डॉलरने स्वस्त होती, ती भिंग चढविताच पाचशे डॉलरने महाग झाली! आणि ज्याने 'ईओएस आर' घेतला त्याची बेरीज ४,६०० वर गेली. कर्ज काढून धंद्यात पडणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे कित्येक महिन्यांचा हप्ता आहे.

कॅननने आपली नवी कडी बाहेरच्यांस सहजी दिली नाही. २०२२ साली व्हिलट्रॉक्स नावाच्या चिनी कंपनीला तिच्या स्वयंचलित भिंगांची विक्री थांबवावी लागली. आपल्या एकस्वाचा भंग होत असल्याचे कॅननचे म्हणणे होते. २०२४ च्या एप्रिलात सिग्मा आणि टॅमरॉन ह्यांनी कॅननच्या परवान्याने भिंगे जाहीर केली, ती लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी होती. स्वतःच्या श्रमाचे फळ राखण्याचा हक्क कंपनीला आहेच. परंतु दार बंद ठेवण्याचा मोबदला अखेर ग्राहकाच्या खिशातून जातो, हेही तितकेच खरे.

तथापि कॅननवर अन्याय होऊ नये. तिच्या २,३०० डॉलरच्या भिंगात हाताचा कंप सावरण्याची सोय आहे. सिग्माच्या त्या भिंगात ती नाही. शिवाय १९८७ च्या चुकीचे कंपनीला स्मरण असावे असे दिसते. कारण २०१८ साली कडी पुन्हा बदलताना तिने सुमारे शंभर डॉलरचा एक जोडतुकडा दिला, आणि त्यायोगे १९८७ पासूनची जुनी भिंगे फोकससह नव्या पेटीवर चालू लागली. ज्याच्या घरी अशी दोनतीन भिंगे आहेत त्याला कॅननइतके स्वस्त दुसरे काही नाही. तसेच ज्या कुटुंबास मुलांचे वाढदिवस आणि महाबळेश्वरची सहल एवढेच टिपावयाचे आहे, त्यांच्यासाठी २०२० साली कॅननने २४ ते १०५ मिलिमीटरचे साधे भिंग ४०० डॉलरला आणि ५० मिलिमीटरचे २०० डॉलरला काढले. ४०० डॉलरचे भिंग 'आरपी'च्या पेटीस जोडले तर बेरीज १,७०० होते. म्हणजे सोनीच्या नुसत्या पेटीहूनही कमी.

तेव्हा वडिलांनी दुकानात विचारलेल्या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन आहेत. हौशी कुटुंबासाठी कॅननच्या किमती प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीच्या, किंबहुना खालच्या आहेत. जुनी भिंगे बाळगणाऱ्यासाठी त्या निःसंशय सोयीच्या आहेत. परंतु मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेऊन रित्या हाताने धंद्यास आरंभ करणाऱ्याला २०१९ च्या ह्या हिशेबात कॅनन महाग पडला, आणि तो पेटीमुळे नव्हे तर भिंगामुळे.

हे आकडे त्या त्या वर्षांचे आहेत. नवे नमुने निघतात, जुन्यांचे भाव उतरतात, सणासुदीला सवलती मिळतात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. दुकानात जाण्यापूर्वी घरी एक कागद घ्यावा. त्यावर प्रथम पेटीची किंमत लिहावी. खाली पाच वर्षांत लागतील ती भिंगे आणि त्यांचे भाव लिहावेत. ती भिंगे दुसऱ्या कोणाची मिळतात का ते लिहावे. दुरुस्तीची सोय आपल्या शहरात आहे की नाही ते नोंदवावे. आणि बिनपावतीचा माल दोन पैसे कमी पडत असला तरी त्याला कंपनीची हमी नाही, हे विसरू नये. घरात जुने काही असेल तर ते वजा करावे. मग बेरीज मांडावी.

हा कागद हाती घेऊन वडील पुन्हा दुकानात गेले, तर दुकानदाराचे बोट चिठ्ठीवर जाण्याआधी त्यांनी दुसराच प्रश्न विचारावा: "ह्याला बसणारी भिंगे कोणकोणाची आहेत, आणि काय भावाने?" ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर मगच कन्येच्या किंवा चिरंजिवांच्या हाती कॅमेरा द्यावा.