दुकानातील नवे यंत्र आणि जुना कारकून



कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस का बोलाविला, असे काहींना वाटेल. आमचे शिक्षण गेटसभांतून आणि रात्री चाळलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून झाले. परंतु नवे यंत्र आले की ज्याला पहिला धक्का बसतो, त्याच्या शेजारी आम्ही आजवर उभे राहिलो आहोत. तेवढ्या अधिकारावर चार शब्द सांगतो.

मोठ्या कारखान्यांची गोष्ट आज करीत नाही. आमच्या डोळ्यांपुढे आहे ती आपली पंचवटी: पूजासाहित्याचे दुकान, यात्रेकरूंचा लॉज, भांड्यांची पेढी, छोटा छापखाना. मालक एक आणि हाताखाली चारपाच माणसे. येथे संघटना नाही, वाटाघाटी नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि आता असली साधने मालकाच्या खिशातल्या मोबाइलमध्येच आहेत. मदुरेच्या यात्रेकरूला तामिळमध्ये उत्तर, थकलेल्या उधारीचे स्मरणपत्र, दिवाळीची जाहिरात, सारे क्षणात तयार होते. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी समोर आहे. अशा वेळी हे साधन वापरूच नका, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न ते कसे वापरावे हा आहे.

त्यासाठी यंत्राची जात ओळखली पाहिजे. अफाट लिखाण त्याला पुरविलेले असते. त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते ताडते. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. आणि म्हणूनच जे त्याला ठाऊक नाही तेही ते तितक्याच ठामपणे सांगते. समजा, आपल्या लॉजसाठी त्याने लिहिले, ‘चोवीस तास गरम पाणी’. पाणी तर पहाटे पाच ते आठच येते. ही चूक कोण पकडील? वीस वर्षे त्या गल्ल्यावर बसलेला कारकूनच पकडील. मालक त्या वेळी बँकेत असतो.

अशा चुकीचा भुर्दंड कोणावर, हेही ऐका. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तरे देणाऱ्या यंत्राने, आजी वारलेल्या एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. पुढे कंपनीने बचाव केला की, यंत्र आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो बचाव फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यावयास लावली. निकाल परदेशातला असला तरी त्यातला न्याय आपल्या दुकानदारालाही समजण्यासारखा आहे.

आता काही मालक म्हणतात, यंत्र पत्रे लिहिते, मग कारकून कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. छोट्या धंद्यात यंत्राची किंमत त्याची चूक ओळखणाऱ्या माणसाइतकीच असते. कोणते गिऱ्हाईक उधारी बुडविते, कोणता व्यापारी वजनात मारतो, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते त्या कारकुनाच्या डोक्यात आहे. त्याला घरी बसविले म्हणजे पगार वाचला असे वहीत दिसेल. पण त्याबरोबर दुकानाचे निम्मे शहाणपणही दाराबाहेर गेलेले असेल.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आपण पाहिल्या आहेत. आजोबा येथे आल्याची नोंद नातवाला सापडते आणि तो तिच्यावर विश्वास ठेवतो. का? कारण तिच्याखाली आलेल्या माणसाची सही असते. यंत्राच्या उत्तराखाली कोणाचीच सही नसते. ती करणारा जाणता माणूस दुकानात असलाच पाहिजे.

यंत्र आणि माणूस यांचे भांडण जुने आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावे, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. न विचारता लादलेले काम आणि न वाटलेला फायदा यांविरुद्ध तो राग होता. उलट १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाविषयी बँकांशी रीतसर करार केला. यंत्रे आली, पण बोलून, ठरवून आली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, नोकरकपात होण्याजोगा यांत्रिक बदल करण्यापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस द्यावयाची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. चार माणसांच्या दुकानात ते कलम कोण उघडून पाहतो? म्हणून जे कायद्याने होत नाही, ते समजुतीने करावे लागेल.

मालकांना आमचे सांगणे एवढेच. यंत्र आणण्यापूर्वी कामाच्या माणसांना घेऊन बसा आणि कोणते काम त्याला द्यावे हे त्यांना विचारा. रोजची कटकट तेच जाणतात. वाचलेल्या वेळातला आणि पैशातला वाटा त्यांना द्या. यात्रेकरूंच्या आधारकार्डाच्या प्रती, गिऱ्हाइकांचे फोन नंबर असल्या यंत्रात घालू नका. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. आणखी एक गोष्ट सहज निसटते. दुकानात नवा लागलेला पोरगा बिले लिहून, पत्रे खरडून, बोलणी खाऊन शिकतो. ते सारे काम यंत्राने केले, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारा माणूस आणावा कोठून? त्याच्या हातून थोडे काम मुद्दाम होऊ द्या.

आणि कामगार बंधूंनो, तुम्हांलाही सांगतो. या यंत्राकडे पाठ फिरवू नका. ते शिका, त्याच्या खोड्या ओळखा. ज्याला ते चालविता येते आणि त्याचे चुकलेही दाखविता येते, त्याला ‘तू नकोस’ म्हणणे मालकाला जड जाते. मात्र शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतच मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि दुकानाचा फायदाही त्यातच आहे.