पाकोळीचे कूळ आणि घर

लोणारच्या विवरात उतरल्यावर सरोवराच्या काठाने जी जुनी देवळे लागतात, त्यांपैकी कित्येकांच्या गाभाऱ्यात आज दिवा लागत नाही. आत पाऊल टाकताच एक उग्र दर्प नाकाला झोंबतो आणि माथ्यावरच्या काळोखात काहीतरी फडफडते. प्रवासी नाक दाबून माघारी फिरतो. ज्या प्राण्यामुळे तो असा फिरतो, त्याच्याविषयी त्याची समजूत बहुधा इतकीच असते, की हा जीव आंधळा आहे, अपशकुनी आहे आणि माणसाच्या केसांत अडकतो. यांतील एकही गोष्ट खरी नाही.

मराठी माणसाने या प्राण्यांची वाटणी आपल्यापुरती केव्हाच करून ठेवली आहे. वडापिंपळावर भर दिवसा उलटे लोंबणारे, फळांवर उपजीविका करणारे मोठे ते वटवाघूळ. पडक्या वाड्यात, बारवेत, ओस देवळात राहून किडे टिपणारी लहान ती पाकोळी. विशेष हे, की प्राणिशास्त्रानेही दीर्घकाळ हीच वाटणी प्रमाण मानली होती. मोठ्यांचा एक उपगण, लहानांचा दुसरा. या दुसऱ्या उपगणात एक चमत्कारिक नाकाचे घराणे होते. नाकपुड्यांभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची मांसल झालर, मधोमध खोगिरासारखा उंचवटा आणि त्याच्यावर भाल्याच्या पात्यासारखे टोकदार पान, असा तो थाट असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याने १७९९ साली या प्रजातीला ऱ्हायनोलोफस, म्हणजे नाकावर तुरा असणारा, असे नाव दिले. मराठीत तिला नालनाकी पाकोळी म्हणावयास हरकत नसावी. आज या प्रजातीत शंभरांहून अधिक जाती गणल्या जातात. त्या सर्व जुन्या जगातील आहेत. अमेरिकेत यांपैकी एकही नाही.

दख्खनच्या पठारावर आढळणारी लहान जात ब्लाइथ याने १८४४ साली वर्णिली. तिचे वजन जेमतेम पाच-सहा ग्रॅम. सह्याद्रीत विशेषेकरून आढळणारी तिची थोरली बहीण टेमिंक याने १८३५ साली नोंदविली; ती कधी करड्या तर कधी थेट नारिंगी तांबड्या रंगाची असते, आणि एकाच थव्यात दोन्ही रंग दिसतात. अर्थात रंगावरून जात ठरविणारा फसतो. खोगिरामागचा मांसल जोड लहान जातीत टोकदार असतो, थोरलीत गोलसर. अशा रेसभर फरकावर हे शास्त्र उभे आहे.

परंतु २००० सालाच्या सुमारास आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊ लागली आणि नाक पाहून कूळ ठरविण्याची ही रीत एका जागी साफ उताणी पडली. नालनाकी पाकोळी ही इतर बहुतेक लहान पाकोळ्यांपेक्षा वडावरच्या थोरल्या वटवाघळाची जवळची नातलग निघाली! आता प्रश्न असा, की ध्वनीने पाहण्याची कला दोन्ही शाखांच्या मूळ पूर्वजाला अवगत होती आणि वटवाघळांनी ती गमावली, की ती दोन वेळा स्वतंत्रपणे उपजली? याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही.

ही कला नालनाकीमध्ये पराकोटीला गेली आहे. ती तोंड मिटून नाकाने ओरडते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपलीकडे ऐकत नाही. ब्लाइथच्या पाकोळीचा स्वर एक लाखाच्या आसपास असतो, आणि तो तानपुऱ्याच्या तारेसारखा एकाच जागी स्थिर राहतो. उडताना समोरून येणारा प्रतिध्वनी चढा ऐकू यावयाचा. म्हणून ती आपला स्वर तेवढाच उतरविते आणि प्रतिध्वनी नेमका कानाच्या आवडत्या पट्टीवर आणून ठेवते. जर्मन संशोधक श्निट्झलर याने १९६८ साली हे दाखवून दिले. पतंगाने पंख हलविला की त्या स्थिर सुरात कंप उठतो, आणि हालत्या पानांच्या गर्दीतूनही भक्ष्य ओळखू येते. मात्र इतका उंच स्वर हवेत लवकर विरतो. म्हणून मोकळ्या आकाशापेक्षा झुडपे, राने आणि ओढ्याकाठची दाटी हेच तिचे शिकारीचे क्षेत्र होय. बुलढाण्याकडील ज्ञानगंगेच्या रानासारखे शुष्क पानझडीचे जंगल तिला त्यामुळेच मोलाचे.

राहण्याच्या बाबतीत ती आणखी हट्टी. तिचे पाय दुबळे. इतर पाकोळ्यांप्रमाणे फटीत सरपटत शिरणे तिला साधत नाही. उडत आत जाता यावे आणि छताला मोकळे लोंबता यावे, असे दमट, काळोखे दालनच तिला हवे. बुलढाण्याचा डोंगर अजिंठ्याच्या रांगेतला, काळ्या बेसॉल्टचा. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने कोरलेल्या विस्तीर्ण गुहा असतात, तशा येथे नाहीत. या पाषाणात दालने खोदली ती प्रामुख्याने माणसाने: अजिंठ्याला भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली, पुढे साकेगाव, कोथळी, सातगाव येथे यादवकालीन पद्धतीची दगडी देवळे उठली. माणूस निघून गेला आणि पाकोळी राहावयास आली. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच संशोधकाने १९६० च्या सुमारास पश्चिम भारतातील अशीच लेणी आणि जुन्या इमारती हिंडून त्यांतील रहिवाशांची नोंद केली, तर नागपूरच्या विज्ञान संस्थेत गोपालकृष्ण व त्यांच्या शिष्यांनी पाकोळ्यांच्या प्रजननाचा अभ्यास अनेक वर्षे चालविला.

आता माणूस परत येत आहे, आणि तेथेच अडचण आहे. लेंडीने चित्रे डागाळतात, दगड खराब होतो, ही पुरातत्त्व खात्याची तक्रार खोटी नव्हे. शिवाय २०२० च्या साथीनंतर भीतीची भर पडली. चीनमधील नालनाक्या पाकोळ्यांत तशाच जातीचे विषाणू मिळाले होते, एवढे ऐकून कोठल्याही पाकोळीकडे काठी घेऊन पाहणारे निघाले. पण मादीला वर्षातून एकच पिलू होते. थोरल्या तांबड्या जातीची पिले उन्हाळ्यात जन्मतात, आणि डागडुजीचे कामही आपल्याकडे उन्हाळ्यातच निघते. त्या वेळी दाराला बारीक जाळी ठोकली तर आया बाहेर आणि पिले आत, असा प्रकार होतो. तेच काम पावसाळ्यानंतर, पिले उडू लागल्यावर, तिन्हीसांजा थवा बाहेर पडलेला असताना करता येते. ज्या दालनात चित्र नाही, पूजा नाही, तेथे तर जाळीचे कारणच नाही. इंग्लंडात जुन्या खाणींच्या तोंडाला आडवे गज थोड्या थोड्या अंतराने बसवितात. माणूस अडतो, पाकोळी जाते. लोणारच्या एखाद्या ओस गाभाऱ्याला असे दार बसवावयास गावचा लोहार पुरेसा आहे.