दोन मिनिटांची पाठशाळा



माझी उमेदीची वर्षे तेलगिरणीत, मोटरींच्या घरघरीत गेली. मोटर जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडे धाडायची, एवढाच तिचा आमचा परिचय. ती मुळात फिरते कशी, हे या वयात कोणाला विचारावे, असा संकोच वाटे.

तो संकोच श्री. अरविंद गुप्ता यांच्या एक-दोन मिनिटांच्या चित्रफितींनी दूर केला. आयआयटी कानपूरचे हे अभियंते. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी व सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी चित्रित केली. मराठीतही या फिती विनामूल्य पाहता येतात. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री प्राप्त झाली. खेळणी मुलांसाठी खरी. परंतु नातवाच्या निमित्ताने पाहू लागलो आणि नातू केव्हाच उठून गेला!

एक सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, झाली मोटर. माझे वेटोळे मात्र नुसतेच थरथरले. फीत मागे नेऊन चार वेळा पाहिली (गुरुजींना चार वेळा विचारण्याचे धैर्य झाले असते का?), तेव्हा उमगले. तारेचे एक टोक सर्व बाजूंनी खरवडायचे, दुसऱ्याच्या एका बाजूचे इनॅमल राखायचे. त्यामुळे अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो व वेटोळे आपल्याच वेगाने पुढे जाते. एरवी चुंबकाचा जोर तेथे उलटा लागतो.

ती मोटर आज सोबत आणली आहे. ज्यांना स्वहस्ते तार खरवडून पाहावयाची असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर व्यासपीठाजवळ यावे. पॉलिश पेपर पुरेसा आहे.