परदेशी नांदणारी लेकुरवाळी घरे



नातू मराठी बोलत नाही, म्हणून हिवरा आश्रमी बसून आम्ही परदेशस्थ सूनबाईस बोल लावला. पुढे सहा महिने तेथे राहिलो. शेजारी काकू नाही, मामा नाही. दोन लहान लेकरे, नोकरी, कडाक्याची थंडी, सारा गाडा दोघेच ओढीत होते. आमचा शब्द आम्हांसच लागला.

१८८३ साली पंडिता रमाबाई चिमुकल्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या, तेव्हा तेथे आपले मंडळ नव्हते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. आज अमेरिकेतही मराठी शाळा भरतात. तथापि आजोबांची गोष्ट आजोबांनीच सांगावयाची असते. दर रविवारी आम्ही ती दूरध्वनीवर सांगतो. आता नातू विचारतो, “मग पुढे?”

आपणही बोल न लावता गोष्ट सांगावी, इतकीच विनंती.