दर्याचं वेळापत्रक
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



समुद्र म्हटला की तुफान, हे चित्र सिनेमानं आपल्या डोक्यात पक्कं बसवलं आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पाण्यावर ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना विचारा. ते सांगतील, तिथे बहुतेक दिवस कंटाळा असतो. व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून आठवडेच्या आठवडे एकाच दिशेनं वाहतात. विषुववृत्ताजवळ ते एकमेकांना भेटतात, तिथे वारा पडतो, हवा वर चढते आणि अचानक काळा ढग येऊन अर्धा तास झोडपून जातो. मग पुन्हा ऊन. उत्तर अटलांटिकवर हवा दोन दिवसांत चार वेळा कूस बदलते, तसं इथे होत नाही.

मला आज एवढंच मांडायचं आहे, की या समुद्राला वेळापत्रक आहे आणि त्यावरची संकटं वेळापत्रक बिघडण्यातून ओळखता येतात. ज्याला नेहमीचं पाठ नाही, त्याला वेगळं काय घडतंय ते दिसणार नाही.

याचा सगळ्यात देखणा पुरावा बॅरोमीटरमध्ये आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. फरक साधारण तीन मिलिबारचा. सूर्याच्या उष्णतेनं संपूर्ण वातावरणात भरती-ओहोटीसारखी एक लय निर्माण होते, तिचा हा परिणाम. ही लय इतकी नियमित असते की घड्याळ बंद पडलं तर बॅरोमीटरच्या काट्याकडे बघून वेळेचा अंदाज बांधता यावा. युरोपातही ती असते, पण तिथल्या रोजच्या चढउतारात बुडून जाते. इथे ती स्पष्ट दिसते, कारण इथे बाकी काही हलत नसतं.

म्हणून जहाजावरच्या अधिकाऱ्यांना जुना नियम शिकवतात. ही रोजची लय वजा करा आणि उरलेला दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा तीन मिलिबारनं कमी दिसला तर सावध व्हा. पाच मिलिबारनं कमी असेल तर चक्रीवादळ जवळच आहे असं धरून चाला. पाच मिलिबार म्हणजे थंड प्रदेशातल्या माणसाला हसू येईल असा आकडा. तिकडे एवढा फरक पडल्यावर कोणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवणार नाही.

'सायक्लोन' हा शब्द आपल्याकडेच घडला, कोलकात्यात. तो घडवणारे हेन्री पिडिंग्टन हे तिथल्या सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी एक पुस्तक काढलं. त्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या होत्या, त्यांवर वाऱ्याची वर्तुळं कोरलेली. चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा वर्तुळावर शोधायचा, की वादळाचा मध्य कुठे असेल ते समजे. उपग्रह नाही, तारयंत्र नाही, आणि कप्तान पळायची दिशा ठरवू शकत होता. याच पिडिंग्टननी १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसींना कळवलं होतं की मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, समुद्र आत येईल. बंदर बांधलं गेलं, त्याला पोर्ट कॅनिंग हे नाव मिळालं आणि १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं. सरकारी फायलीत योग्य सल्ला पडून राहण्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे.

चक्रीवादळ जन्माला यायचं तर पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर आणि बऱ्यापैकी खोलीपर्यंत उबदार लागतं. विषुववृत्तापासून निदान पाच अंशांचं अंतर लागतं, कारण पृथ्वीच्या फिरण्यानं वाऱ्याला मिळणारी वळण घेण्याची ताकद विषुववृत्तावर शून्य असते. अपवाद असतातच. २००१ च्या डिसेंबरात 'वामेई' सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं होतं. आणखी एक अट आहे, आणि आपल्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची. खालचा आणि वरचा वारा यांच्यात फार तफावत असता कामा नये.

भर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, नारळी पौर्णिमेची वाट बघत जाळी विणणं चालतं. तरी जुलै-ऑगस्टमध्ये मोठं चक्रीवादळ जवळजवळ कधीच येत नाही. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा आणि वर बारा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत, अशी उलटसुलट ओढाताण असल्यानं वादळाचा मनोरा उभाच राहत नाही. शिवाय सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वारा वरचं पाणी ढकलून देतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि समुद्र निवतो. त्यामुळे आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन: मोसमीच्या तोंडावर मे-जून आणि तो परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. 'निसर्ग' ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, 'तौक्ते' २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, 'फयान' २००९ च्या नोव्हेंबरात कोकणावर आलं. तिन्ही तारखा वेळापत्रकात बसतात.

आता लाटांकडे वळू, कारण बातमी सर्वांत आधी लाट आणते. उष्ण प्रदेशातलं वादळ ताशी पंधरा-वीस किलोमीटरनं सरकतं. त्यानं उठवलेल्या लांब लाटा त्याच्या पुढे धावतात. वारा मंद, आकाश निरभ्र, आणि तरी जहाज वेगळ्याच दिशेनं संथपणे डोलायला लागलं तर त्या दिशेला काहीतरी शिजतंय हे जाणत्या तांडेलाला समजतं.

या लाटा किती दूर जातात? समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी १९६३ मध्ये प्रशांत महासागरात न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ओळीनं मोजणी केंद्रं बसवली आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या वादळांच्या लाटा अख्खा उष्ण कटिबंध ओलांडून अलास्काला पोचताना नोंदवल्या. वाटेत त्यांची शक्ती फारशी खर्च होत नव्हती. हिशेब सोपा आहे. दोन लाटांमध्ये अठरा सेकंद असतील, तर त्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे पन्नास किलोमीटरनं प्रवास करते, म्हणजे दिवसाला बाराशे. दक्षिणेच्या चाळीस अंशांवरून केरळपर्यंत साडेचार-पाच दिवस.

केरळचे मच्छीमार अशा उधाणाला कल्लकडल म्हणतात. ३१ मार्च २०२४ ला, रविवारी, तिथे ते आलं. वारा नाही, पाऊस नाही, वादळाचा पत्ता नाही. तिरुवनंतपुरमपासून त्रिशूरपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरलं. त्या पाण्याला ढकलणारा वारा काही दिवसांपूर्वी दक्षिण हिंद महासागरात वाहून थांबलाही होता. इथे मात्र किनाऱ्यावरच्या माणसाचं पिढीजात ज्ञान अपुरं पडतं. त्यानं आकाश कितीही वाचलं तरी त्या आकाशात काही लिहिलेलंच नव्हतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आता दक्षिणेतल्या लाटांवर नजर ठेवून असे इशारे काही दिवस आधी देते. चार-पाच दिवसांचा अवधी ही मोठी देणगी आहे.

'ओखी'नं तेवढा अवधी दिला नाही. २९ नोव्हेंबर २०१७ ला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं. खोल समुद्रात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या होड्या कधीच निघून गेल्या होत्या, मोबाइलच्या टप्प्याबाहेर. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार परतले नाहीत. त्याच दिवसांत आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला दक्षिणेकडच्या ६८ होड्या लागल्या, साडेनऊशेच्या वर माणसं होती त्यांत. मल्याळम आणि मालवणी यांच्यात संवाद कसा झाला असेल ते असो, जेवण झालं एवढं नक्की.

आतापर्यंत तासांच्या आणि दिवसांच्या गोष्टी झाल्या. वर्षांची लयही असते. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. केंब्रिजचे गणिती. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या दाबाचे आकडे मागवले, शिमल्याच्या कचेरीत कारकुनांकडून हातानं आकडेमोड करून घेतली आणि प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंद महासागरात तो घटतो, असा झोपाळा शोधून काढला. एल निनोशी त्याचा सांधा हवामानशास्त्रज्ञ जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये जुळवला. एल निनोच्या वर्षी आपला पाऊस बहुधा कमी पडतो. पण १९९७ ला एल निनो प्रचंड तीव्र असूनही आपला पाऊस सरासरीइतका पडला. उत्तर आपल्याच समुद्रात होतं. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं की हिंद महासागराची पश्चिम बाजू तापते आणि सुमात्राजवळची पूर्व बाजू थंड होते, असा त्याचा स्वतःचाही झोपाळा आहे, आणि तो एल निनोचा आपल्या पावसावरचा परिणाम कमी करू शकतो. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संचालक झाले.

२०१९ ला हा झोपाळा टोकाला गेला. अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळं एकाच वेळी फिरत होती. पूर्व आफ्रिकेत पूर आले, ऑस्ट्रेलिया वाळून जळली, आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात काढणीला आलेलं पीक शेतात कुजलं. सोयाबीनच्या शेतकऱ्याला सुमात्राशी काय देणंघेणं, असं त्या वर्षी तरी कुणी म्हणू नये.

तर अंदाज सुधारले आहेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आर्गो प्रकल्पाचे हजारो तरंगक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपासून पाण्याचं तापमान मोजत वर येतात. अडचण दुसरीकडे आहे. 'तौक्ते'चा इशारा काही दिवस आधी दिलेला होता. बंदरांवर बावटे चढले होते. तरी १७ मे २०२१ ला मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा माणसांसकट समुद्रातच होता. तो बुडाला, सत्तरहून अधिक माणसं गेली. तिथे हवामानशास्त्र कमी पडलं नाही.

लहान होड्यांची गोष्ट निराळी, त्यांच्यापर्यंत इशारा पोचतच नव्हता. 'ओखी'नंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून संदेश घेणारं 'जेमिनी' नावाचं यंत्र आलं, पण ते फक्त ऐकतं, बोलत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख होड्यांवर दुहेरी संदेशाचे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. हे मला जास्त पटतं. कारण होडीवरून उत्तर आलं तरच इशारा समजला की नुसता वाजला, हे कळणार. आणि माझी एक मागणी आहे: त्या होड्यांनी उलट दिशेनं वारा, लाट आणि दाबही कळवावा. उष्ण समुद्रावर मोजणारे बोये मोजकेच आहेत, होड्या लाखो. सकाळी दहा वाजता बॅरोमीटर बघायला तांडेलाला अर्धं मिनिट लागतं.