संगणक वारंवार किल्ली मागतो तेव्हा



निकालपत्रके तयार करण्याचे दिवस असावेत, शाळेचा लॅपटॉप उघडावा आणि पडद्यावर ४८ अंकी किल्लीची मागणी उमटावी; ती कशीबशी भरून दिवस निभावावा, तो दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच मागणी! असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस त्यातील घालमेल सांगावयास नको. त्याचे कारण व उपाय यांचा आज थोडक्यात विचार करू.

विंडोज प्रणालीत बिटलॉकर नावाची योजना आहे. ती डिस्कवरील सर्व मजकूर कूटलिपीत ठेवते. लॅपटॉप चोरीस गेला तरी मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे पत्ते इत्यादी तपशील परक्याच्या हाती पडू नयेत, हा तिचा हेतू. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ही योजना पुष्कळ नव्या यंत्रांत आपोआप चालू होते. म्हणून आपण ती लावली नसतानाही ती असू शकते.

या कुलपाचा राखणदार म्हणजे टीपीएम ही चिप. यंत्र सुरू होताना प्रारंभीचा क्रम कालच्यासारखाच आहे की नाही, हे ती पडताळते. सारखा असल्यास कुलूप मुकाट्याने उघडते. फरक दिसल्यास ती खूण मागते. खूण सांगितल्याने आजचे दार उघडते, परंतु फरक तसाच राहिला तर उद्या पुन्हा विचारणा होणारच. वारंवार होणाऱ्या मागणीचे मर्म येथे आहे. तेव्हा किल्ली भरणे हा उतारा होय, उपचार नव्हे.

प्रथम किल्ली मिळवावी. पडद्यावर किल्लीचा ओळख-क्रमांक असतो. त्याची पहिली आठ अक्षरे टिपून घ्यावीत. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम चालू केला, त्या खात्यात बहुधा याच ओळख-क्रमांकाची किल्ली सापडते. किल्लीत सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटास ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५ : एकाआड एक अंकांच्या बेरजा १५ व १५, अंतर शून्य. आपण वर्गात शिकवतो तीच ही कसोटी. एखादा अंक चुकला अथवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ती चूक तत्काळ ओळखू येते.

आता उपचार. पेनड्राइव्ह व इतर जोडण्या काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. मागणी थांबली तर दोष तेथेच होता. न थांबल्यास बायोसमध्ये आतील डिस्क क्रमाने पहिली आहे आणि सिक्युअर बूट चालू आहे, हे पाहावे. घड्याळ व तारीख दररोज मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याचा संभव आहे, ती बदलावी. हे सर्व स्थिर झाल्यावर बिटलॉकरच्या पानावर संरक्षण तात्पुरते स्थगित करावे, यंत्र पुन्हा सुरू करावे व संरक्षण पूर्ववत चालू करावे. मग राखणदार नवी स्थिती हीच खरी म्हणून नोंदवून घेतो. बायोसचे अद्ययावतीकरण करण्यापूर्वीही असेच स्थगित करावे.

कधी दोष आपला नसतोही. जुलै २०२४ मधील विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर काही यंत्रे अशी किल्ली मागू लागली. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. म्हणून यंत्र उघडताच प्रलंबित अद्ययावतीकरणे पूर्ण करावीत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. किल्ली हरवल्यास तिला पर्याय नाही. ती कोठेच जतन नसेल तर मायक्रोसॉफ्टही मजकूर परत देऊ शकत नाही; डिस्क पुसून यंत्र नवे करता येते, परंतु नोंदी जातात. आपल्या शाळांत याचे विशेष भय आहे, कारण खाते असते एका शिक्षकाचे आणि त्यांची बदली होते मंडणगडहून राजापुरास! यासाठी कार्यभार देताघेताना दप्तराच्या यादीत या किल्लीचीही नोंद असावी. तिच्या दोन लेखी प्रती मोहोरबंद पाकिटांत ठेवाव्यात. एक शाळेच्या कपाटात, दुसरी केंद्रशाळेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. एकाच कपाटावर विसंबणे किती धोक्याचे, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. किल्ली लॅपटॉपला चिकटवू नये आणि दूरध्वनीवर कोणासही सांगू नये.

बंधुभगिनींनो, हजेरीपट आपण जितक्या जपणुकीने ठेवतो, तितक्याच जपणुकीने हे ४८ अंक ठेवावेत. आज शाळेत परतल्यावर लॅपटॉप सुरळीत चालत असतानाच किल्ली शोधून लिहून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.